रोशफोर्ट पॉइंटचा जीवखडा

उद्या लुईसबर्गला निघालात ना? मग तो टीव्ही बंद कर, ओजस, आणि इकडे ये. ईशिता, तूही बस. हो, आजोबा आता हिस्टरीचं लेक्चर देणार. ओटावाहून दोन दिवस गाडी हाकत आलात, माझ्याकडे फुकट राहताय, माझ्या हातचं पिठलं ओरपलंत. एवढं सोसायलाच हवं.

काय म्हणालास? ‘इट्स जस्ट अ फोर्ट’? अरे गाढवा, फोर्ट नव्हे, अख्खं शहर होतं ते. फ्रान्सच्या राजाचं आरमारी बंदर. या धुक्यात कॉडमासे सोडून काही नव्हतं, तिथे घडीव दगड बोटींवर लादून फ्रान्सहून आणले आणि तट बांधले. उद्या तुम्ही ज्या दरवाज्यातून आत शिराल तो दोफाँ दरवाजा. पुढे राजाच्या बुरुजावर घड्याळाचा मनोरा दिसेल. धक्क्यावर एक खांब आहे, त्याला लोखंडी कडं. चोराची मान त्यात अडकवून त्याला दिवसभर गावासमोर उभा करत. समोरच्या किनाऱ्यावर दीपगृह आहे, कॅनडातलं पहिलं दीपगृह तिथेच होतं. आत्ताचं हे सगळं साठच्या दशकात नव्याने उभं केलं, आणि कुणी केलं? इथल्या कोळशाच्या खाणीतून काम गेलेल्या मजुरांनी. छान केलंय. फोटो काढा, त्या दुकानातला पाव खा.

पण जुनं शहर इंग्रजांनी मारलं. हो, मारलंच म्हणतो मी. सतराशे अठ्ठावन्नचा उन्हाळा. सात आठवडे तोफा. एका जहाजावर गोळा पडला, आतली तोफांची दारू पेटली, ज्वाळा शेजारच्या दोन जहाजांवर गेल्या. जळत्या जहाजांवरच्या भरलेल्या तोफा आपोआप उडायला लागल्या, त्याही आपल्याच लोकांच्या दिशेने. पोरं होती रे ती. तुमच्या वयाची. मी तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात सर्जन होतो, खाणीत चेंगरलेली माणसं शिवलीत. पण तोफेने फाडलेला माणूस शिवता येत नाही.

शहराच्या पूर्वेला समुद्रात घुसलेलं जमिनीचं एक टोक आहे. रोशफोर्ट पॉइंट. फ्रान्समध्येही या नावाचं आरमारी बंदर आहे. गावातले मेलेले लोक या टोकावर पुरत. हजारभर तरी असतील. आता समुद्र दर हिवाळ्यात तो किनारा खातोय आणि आतली माणसं बाहेर येताहेत. शास्त्रज्ञ येऊन जमेल तेवढी हाडं जपून काढून नेतात. तिथे फिरायला पायवाट आहे. खुशाल जा. एकच सांगणं आहे. तिथला साधा खडासुद्धा खिशात घालायचा नाही.

कायदा आहे म्हणून तर नाहीच. पण मी सांगतोय ते त्र्यंबक मोघ्यांच्या घरी झालं म्हणून.

त्र्यंबक माझा मित्र. एकाहत्तर साली इथल्या स्टील प्लांटमध्ये आला, धातुशास्त्रज्ञ म्हणून. प्लांट बंद पडला तरी गेला नाही. लुईसबर्ग गावात, बंदराच्या काठावर घर घेतलं, आणि तो आणि मंदाकिनी, म्हणजे आमच्या मंदावहिनी, तिथेच म्हातारे झाले. मुलगा अनुप मॉन्ट्रियलला, विमानांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. फ्रेंच फर्डी बोलतो. मराठी बोलतो ती आईच्या धाकाने.

गेल्या वर्षी ऑक्टोबरअखेर त्र्यंबक गेला. झोपेत. मरण चांगलं आलं म्हणायचं. पण माणूस गेला तो गेलाच, मला अजून त्याच्याशिवाय चहा गोड लागत नाही.

आता तुम्हाला जीवखडा ठाऊक नसणार. आपल्यात दहनाच्या वेळी स्मशानातला एक दगड उचलतात. त्याने मडकं फोडतात, तो घरी आणतात. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्या दगडात राहतो म्हणे. रोज त्याच्यावर तीळ घालून पाणी सोडायचं, रोज भाताचा पिंड द्यायचा. का? तर गेलेल्याला शरीर उरलेलं नसतं. या पिंडांनी ते नवं घडतं. आधी डोकं, मग मान-खांदे, छाती, पोट... असं करत शेवटी पाय. आणि दहाव्या दिवशी भूक आणि तहान. तो दहावा घास खाऊन तो पुढच्या वाटेला लागतो. मंदावहिनींचा यावर जिवापाड विश्वास. त्र्यंबकचा नव्हता, पण तो म्हणायचा, मी मेल्यावर ही म्हणेल ते करा.

तर टोरांटोचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर. म्हणाले, जीवखडा स्मशानातलाच हवा. आणि इथलं स्मशान कसलं? बटन दाबायचं. खाली गालिचा, कोपऱ्यात प्लास्टिकची फुलं. दगड आणायचा कुठून? अनुपने डोकं चालवलं. स्मशान हवं आणि शेवटी विसर्जनाला पाणीही हवं, तर रोशफोर्ट पॉइंट दोन्ही आहे. एका दगडात दोन पक्षी मारायला निघाला शहाणा! दहन आटोपलं तसा सरळ तिकडे गेला आणि ढासळलेल्या कडेखालून एक छान गोल, जड खडा उचलून घेऊन आला. दहनगृहाच्या पार्किंगमध्ये गुरुजींनी फोनवरून मंत्र सांगितले, याने मडकं फोडलं. मंदावहिनींनी खडा दुधा-पाण्याने धुतला, स्टीलच्या वाटीत ठेवला, वर तुळशीचं पान.

आणि म्हणाल्या, “आलात ना घरी?”

पहिल्या रात्री घरात कुणीतरी खोकलं.

मंदावहिनींना बरं वाटलं. हसू नका. पन्नास वर्षं ज्याचं खोकणं ऐकलं तो खोकला तर बाईला बरंच वाटणार. पुढे वास यायला लागला. फटाक्यांचा असतो ना, दिवाळीच्या दुसऱ्या सकाळी, तसा. अनुपला वाटलं, घर तापवणारा फर्नेस बिघडला, त्याने माणूस बोलावला. फर्नेस ठीक होता. कावळे घरामागच्या लाकडी डेकवर यायचे, पिंडाभोवती उड्या मारायचे, पण चोच लावायचे नाहीत. मंदावहिनी हात जोडून म्हणायच्या, “काय राहिलंय तुमचं? सांगा तरी.”

मग भांडी फुटायला लागली. नुसती पडून फुटत नव्हती, कुणीतरी भिंतीवर फेकत होतं. एका रात्री बेसमेंटमधला त्र्यंबकचा वर्कबेंच उलटला. चार माणसांनी उचलायची वस्तू. अनुपने मला फोन केला. “काका, आय थिंक आई इज नॉट ओके. रात्रभर ती बेसमेंटच्या दाराशी बसून बोलत असते. आणि काका... आतून कुणीतरी श्वास घेतं.”

मी गेलो तो शनिवारचा दिवस होता, नोव्हेंबरचा पहिला. दुसऱ्या दिवशी दहावा. मंदावहिनींनी दार उघडलं आणि मी त्यांच्या गालाकडे पाहतच राहिलो. निळाकाळा. सुजून डोळा अर्धा मिटलेला.

“पडले मी भावजी.”

मी सर्जन आहे. पडलेला गाल कसा दिसतो आणि मारलेला कसा, हे मला कळतं. त्या गालावर बोटं उठली होती.

“अनुपने?”

“काहीतरीच काय!” त्या रडायला लागल्या. “यांनी. यांनी मारलं मला. मी म्हटलं चहा ठेवू का, आणि... फार रागावलेत हो. माझ्या हातून काय चुकलं तेच कळत नाही.”

माझं डोकंच फिरलं. त्र्यंबक? ज्याने जन्मात आवाज चढवला नाही? बायकोने जळकी पोळी वाढली तरी ‘खरपूस झालीय’ म्हणून खाणारा माणूस? मी म्हटलं, वहिनी, जो कोणी या घरात आहे, तो त्र्यंबक नाही.

मी ती वाटी उचलली. खडा तळहातावर घेतला. एवढासा, पण वजन केवढं! सिंकच्या कडेवर आपटला. ठण्ण वाजला. वरचं वाळूचं कवच तडकलं, आत गंजकं लोखंड. लिंबाएवढी गोळी. अशा मूठमूठ गोळ्या पिशवीत भरून तोफेतून माणसांवर सोडायचे, म्हणजे एका बारात दहा-बारा उभे फाटायचे. धातुशास्त्रज्ञाचा मुलगा, आणि त्याला लोखंड ओळखता आलं नाही! कवचात एक पांढरट कपची रुतलेली होती. ते काय आहे हे मला विचारू नका. तीस वर्षं मी माणसांची हाडंच जोडत आलोय.

म्हणजे समजलात? ज्या गोळीने तिथे पुरलेल्या एका शिपायाचा जीव घेतला, तीच अनुपने जीवखडा म्हणून घरात आणली. कुणाच्या छातीत ती अडीचशे वर्षं बसली होती देव जाणे. रोज तिला पाणी घातलं, अन्न दिलं. डोकं दिलं. खांदे दिले. हात दिले. पाय दिले. आणि माझा त्र्यंबक तेवढे दिवस कुठे होता? उपाशी. उघडा.

मी अनुपला म्हटलं, आत्ता नेऊन टाक. पण बाहेर धुकं असं की गाडीचं नाक दिसेना, आणि मंदावहिनी आडव्या आल्या. म्हणाल्या, उद्या पहाटे दहाव्याचा पिंड होऊ दे. यांचं नाव घेऊन देऊ. यांना निदान तो तरी मिळू दे, मग खुशाल टाका. एवढ्या एका घासावर त्यांचा सगळा जीव होता. अनुप म्हणाला, “वन नाइट, काका. वुई विल मॅनेज.” मी कसाबसा घरी आलो. पुढचं मला अनुपने सांगितलं, टाके घालताना.

इथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळं तासभर मागे करतात, ठाऊक आहे ना. ती तीच रात्र. दोन वाजले की पुन्हा एक वाजतो. तो एक तास त्या रात्री दोनदा येतो.

अनुप हॉलमध्ये बसला होता. वाटी समोर टेबलावर. पहिल्यांदा एक वाजला. काही नाही. दीड. काही नाही. वास नाही, खोकला नाही. त्याला वाटलं, गेलं बहुतेक. मंदावहिनींना झोप येईना, त्या उठून किचनमध्ये गेल्या आणि पिंडाचा भात टाकला. कुकरची शिटी झाली. घर कसं घरासारखं वाटलं म्हणे.

फोनवर १:५९ झाले.

मग १:००.

बेसमेंटचा जिना वाजला.

एक पायरी. थांबलं. दुसरी. दमदार पाय. नवे पाय... चालून बघत असल्यासारखे.

अनुप उठला. दाराला खुर्ची लावली. खुर्चीसकट दार आत आलं. बिजागऱ्या उपटून. दार त्याच्या अंगावर आणि तो काचेच्या टेबलावर. काच फुटली, पाठीत शिरली. दिवे गेले. वास आला. जळलेली दारू, जळलेले केस. याच्या दंडाला कुणीतरी धरलं आणि उचलून भिंतीवर हाणलं. पुन्हा. पुन्हा. खांदा निखळला त्याचा आवाज त्याला ऐकू आला.

तो ओरडला. फ्रेंचमध्ये ओरडला, मूर्खासारखा, ऑफिसात बोलतात तसा. “महाशय, कृपा करून...”

ते थांबलं.

अंधारात कुणीतरी श्वास घेत होतं. तोंडाजवळ. छातीत भोक असलेला माणूस घेतो तसा. अर्धा श्वास तोंडातून... अर्धा छातीतून. तो आवाज मी ऐकलाय, खाणीतल्या एका पोराचा. कुणाला ऐकायला लागू नये.

मग ते बोललं. जुनी, खेडवळ फ्रेंच. एकच शब्द.

“भूक.”

आणि हात याच्या गळ्यावर आले.

गरम. अनुप म्हणतो, हात गरम होते. अंगठे आत रुतले. डोळ्यांपुढे लाल झालं. पाय हवेत. हाक निघेना. ते गळा दाबत होतं आणि तेच म्हणत होतं. भूक. भूक. भूक.

“अनुप?”

आई.

किचनच्या दारात. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात थाळी. थाळीत पिंड. दहावा. अजून वाफ निघत होती. टॉर्चचा उजेड अनुपवर पडला. पोरगा हवेत लोंबकळतोय, तोंड काळंनिळं, आणि त्याला धरणारं... कुणी नाही. गळ्यात फक्त बोटांचे खड्डे. आपोआप खोल जाणारे.

त्या बाईला फ्रेंचचा एक शब्द येत नाही. पण दहाव्या दिवशी काय येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने थाळीकडे पाहिलं. नवऱ्यासाठी राखलेला एकच घास. तो गेला की त्र्यंबकला काहीच नाही. कायमचं.

ती पुढे आली. सुजलेल्या गालाची, पाच फुटांची बाई. थाळी वर धरली.

“घे रे बाबा. हा त्यांचा होता. तुला दिला. माझा मुलगा सोड.”

...

“घे म्हणते ना! मी वाढलाय. घे!”

अनुप खाली पडला.

टॉर्च विझला. थाळी कुणीतरी हातातून घेतली. ओढली नाही. घेतली.

मग... खाण्याचा आवाज.

बराच वेळ.

मग पाय वाजले. हॉलमधून. काचांवरून. त्र्यंबकच्या खोलीपाशी थांबले. मायलेकरं एकमेकांना धरून जमिनीवर. श्वास रोखून. आतून काहीच आवाज नाही. काहीच नाही...

मग बाहेरचं दार उघडलं. समुद्राचा वारा आत आला. दार कुणी लोटून घेतलं नाही.

मी उजाडता पोचलो. अनुपचा खांदा बसवला, पाठीतून काचा काढल्या, टाके घातले. हॉस्पिटलला चल म्हटलं, तर म्हणाला, आधी ती गोळी. मग त्याला गाडीत घातलं आणि दोघं पॉइंटवर गेलो. धुकं उठलं होतं. ढासळलेल्या कडेखाली, जिथून उचलली तिथेच त्याने ती वाळूत खोल पुरली. वर पाणी सोडलं. मी नास्तिक माणूस, मीसुद्धा हात जोडले. अंगावर वर्दी चढवून तोफा ओढायला पाठवलेलं पोरगं. कुणाचं तरी असेलच की.

परत आलो तर मंदावहिनी किचनमध्ये जमिनीवर बसलेल्या. काचासुद्धा झाडल्या नव्हत्या. मला बघितलं आणि हंबरडा फोडला.

“भावजी, त्यांचा घास मी दुसऱ्याला दिला हो. ते उपाशी गेले. माझ्या हाताने उपाशी घालवलं मी त्यांना.”

मुलगा वाचला म्हणून सांगू? ते तिला कळत नव्हतं का? मी म्हटलं, वहिनी, उठा, दिवा तरी लावू. म्हणून मीच त्र्यंबकच्या खोलीत गेलो.

त्याचा फोटो छोट्या टेबलावर होता. घरात एक वस्तू धड राहिली नव्हती, पण फोटो जागच्या जागी. आणि फोटोपुढे थाळी.

थाळीत अर्धा पिंड.

चाकूने कापलेला नाही. हाताने मोडलेला, अगदी मधोमध. शिपाई पाव मोडून शेजाऱ्याला देतो तसा.

मंदावहिनी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. थाळी उचलली, डेकवर नेली, कठड्यावर ठेवली. नऊ दिवस कावळे नुसते उड्या मारत होते. तिने हात मागे घेतला नाही तोच एक खाली आला. शिवला. घास चोचीत धरून उडाला, सरळ समुद्राकडे. ती बाई तिथेच खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली, आणि मीही रडलो, त्यात लाजायचं काय आहे?

ते टेबल अजून तिथे आहे. पांढरं, रंगवलेलं. मंदावहिनींनी साबणाने घासलं, ब्लीचने घासलं, अनुपने पॉलिशपेपर मारला. जात नाही. फोटोच्या डाव्या बाजूला पाच बोटांची काजळी आहे. जोराने दाबलेली नाही. अंधारात थाळी सांडू नये म्हणून माणूस खाली वाकून एक हात टेकतो ना... तेवढीच.